तिची सुट्टी होती, तुझा सीझन होता

पत्र: ताई, मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, वय ३३. समुद्रापासून दहा मिनिटांवर आमचं जुनं घर आहे, मागच्या बाजूला तीन खोल्या काढून होमस्टे चालवतो, आई जेवणाचं बघते, वडील नाहीत. दोन वर्षांपूर्वी माझा साखरपुडा मोडला, मुलीच्या घरच्यांना सरकारी नोकरीवाला मिळाला म्हणून. त्यानंतर मी कोणाशी नीट बोलतच नव्हतो. यंदा जानेवारीत पुण्याची एक मुलगी चार दिवसांच्या बुकिंगवर एकटीच आली. आयटीत आहे, पगार माझ्या तिप्पट, सहा वर्षांचं नातं नुकतंच तुटलेलं. पहिल्या रात्री व्हरांड्यात बसून रडत होती, मी चहा नेऊन दिला आणि पहाटे तीनपर्यंत आम्ही बोलत बसलो. चारचे नऊ दिवस झाले. केरीहून फेरीने तेरेखोलला गेलो, मोरजीला कासवांची घरटी बघितली, आई तिला धालोंना, म्हणजे गावच्या बायकांच्या रात्रीच्या गाण्या-नाचाला, मांडावर घेऊन गेली. जाताना म्हणाली मी असं कधी जगलेच नाही. आता रोज दोन तास फोन. म्हणते वर्क फ्रॉम होम घेऊन मार्चमधे तुझ्याकडेच शिफ्ट होते. आई खूश आहे, भाऊ म्हणतो टुरिस्ट लोकांचं असंच असतं, काका म्हणतात लग्न केलंस तर अर्धं घर तिच्या नावावर. शेवटच्या पाच दिवसांचे पैसे मी घेतले नव्हते, तिने पुण्याला पोचल्यावर जीपे केले, मी परत पाठवले, त्यावरून पहिलं भांडण झालं. ताई, हे खरं आहे की मी तिच्या ट्रिपचा एक भाग होतो? तिला हो म्हणू का नको? ता. क. ती शाकाहारी आहे, आणि आमच्या तिसऱ्या नंबरच्या खोलीत कौलातून गळतं.

अरे बाबू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं आणि रात्री परत एकदा, कारण असली पत्रं मला एरवी दुसऱ्या बाजूने येतात. गोव्याला आले होते, तिथे कोणीतरी भेटलं, आता ऑफिसात मन लागत नाही, अशी. जो इथेच राहतो, ज्याच्या घरात ती सुट्टी घडली, जो ती गेल्यावर चादरी बदलून पुढच्या गेस्टला चावी देतो, त्याचं पत्र पहिल्यांदाच आलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी भावाचं. तो वाईट माणूस नाही, त्याने मागच्या वेळी तुझी अवस्था बघितलीय आणि परत तेच बघायची त्याची तयारी नाही, म्हणून बोलतो. पण टुरिस्ट लोकांचं असंच असतं हे वाक्य मी गोव्यात अठ्ठावीस वर्षं ऐकतेय आणि ते मला पटत नाही. टुरिस्ट म्हणजे कोणी वेगळी जात नसते रे. ती मुलगी पुण्यात टुरिस्ट नाही, तिथे तिला भाडं भरायचं असतं, मॅनेजरचे मेसेज असतात, आणि एक रस्ता असतो ज्यावरून ती आता जात नाही कारण तिथे तो भेटायचा. तिने तुझ्या व्हरांड्यात जे रडून घेतलं ते काही पॅकेजमधे नव्हतं. मन मोडलेलं माणूस आपल्या माणसांत रडू शकत नाही कारण तिथे प्रत्येकाला सगळी स्टोरी माहीत असते, आईला काळजी, मैत्रिणींना मत. अनोळखी जागी, अनोळखी माणसासमोर तीच गोष्ट पहिल्यापासून सांगता येते आणि सांगता सांगता स्वतःलाच नव्याने कळते. तुझंही तेच झालं की. साखरपुडा मोडल्याचं तू दोन वर्षांत कोणाला पहाटे तीनपर्यंत सांगितलं होतंस? तेव्हा ते खरं होतं का, तर हो, खरंच होतं. त्याबद्दल मनात शंका ठेवू नकोस.

आता अवघड भाग. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो नावाच्या उंच झुलत्या पुलावर एक प्रयोग केला होता. पुलावर एक तरुणी पुरुषांना थांबवून काही प्रश्न विचारायची आणि शेवटी आपला फोन नंबर द्यायची. हलणाऱ्या पुलावर ज्यांना ती भेटली त्यांच्यातल्या बऱ्याच जास्त जणांनी नंतर फोन केला, साध्या पक्क्या पुलावर भेटलेल्यांनी फारसा केला नाही. त्यांचं म्हणणं असं की छातीत धडधड होते पुलामुळे, आणि माणूस ती धडधड समोरच्या मुलीच्या नावावर लिहून टाकतो. तुमच्या नऊ दिवसांत झुलते पूल किती होते बघ, रात्रीची स्कूटर, फेरीवरचा वारा, अंधारात कासवांची घरटी. पण त्या प्रयोगात त्या भेटीपुरतंच आकर्षण मोजलं, फोन केला का नाही वगैरे. सहा महिन्यांनी ते दोघं काय बोलत होते ते कोणी विचारलं नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे पुढे आहे, पुलावर नाही.

आणि एक गोष्ट जी तुझ्या पत्रात तू लिहिली नाहीस पण ओळीओळीतून दिसते. ते नऊ दिवस तुम्हा दोघांचे सारखे नव्हते. तिची सुट्टी होती, तुझा सीझन होता. ती सकाळी उठून समुद्र बघत होती आणि तू उठून पाण्याची टाकी भरली का बघत होतास, पोदेराकडून पाव घेत होतास, बाकीच्या दोन खोल्यांचा नाश्ता बघत होतास. ती तिच्या आयुष्यातून बाहेर आली होती, तू तुझ्या आयुष्याच्या अगदी मधोमध उभा होतास. म्हणजे तिने तुझं खरं घर, खरी आई, खरं काम बघितलं, जरा उजळ प्रकाशात का होईना. तू तिचं काय बघितलंस? एक सुटकेस आणि चार ड्रेस. तुला भीती वाटते की तू तिच्या ट्रिपचा भाग होतास, पण मला उलटं वाटतं, तुला ती अजून फक्त गेस्ट म्हणून माहीत आहे. तिचा सोमवार तुला माहीत नाही. वैतागल्यावर ती कशी बोलते, पैसे कसे खर्च करते, आजारी पडली की कोणाला फोन करते, काहीच नाही. आणि तुझं प्रेम तर पगार, पुणे, इंग्रजी बोलणाऱ्या मैत्रिणी या सगळ्याला घाबरून एका कोपऱ्यात उभं आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत, मार्चला हो म्हणू नकोस. नाहीही म्हणू नकोस. तिला सांग, जुलैत ये.

मार्च म्हणजे काय, अजून सीझनच. समुद्र शांत, संध्याकाळी शॅकमधे दिवे, काजूची नवीन दारू, उर्राक, आलेली, सगळे गोड बोलतात कारण सगळ्यांचे चार पैसे सुटतायत. मे संपेपर्यंत शॅक उतरतात, आणि मग जो गोवा उरतो त्यात आपण राहतो. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो इथे, पुण्यात ७०० च्या आसपास पडतो, हा फरक आकड्यात कळत नाही, कपाटात कळतो. मी सोलापूरची. १९९६ साली बँकेच्या आठ दिवसांच्या ट्रेनिंगला पणजीला आले, तेव्हा हे भेटले, म्हणजे तुझ्यासारखंच म्हण, आठ दिवस. कोकण रेल्वे पूर्ण झाली नव्हती, एसटीडी बूथवर रात्री उशिरा दर कमी व्हायचा तेव्हा रांगेत उभं राहून बोलायचो. दीड वर्षाने लग्न करून फोंड्याला आले. पहिल्या पावसात माझ्या लग्नाच्या शालूला बुरशी आली. बारा दिवस सलग सूर्य नव्हता, करंट गेला की दोन दोन दिवस यायचा नाही, कपडे वाळायचे नाहीत, आणि मी दुपारी दार लावून रडायचे, कोणाला काही सांगता येईना कारण सगळ्यांसाठी तो नेहमीचा पाऊस होता, उलट चांगला पडला म्हणून खूश होते. नवऱ्यावर प्रेम कमी नव्हतं माझं. पण मी ज्या गोव्यावर भाळले होते तो ऑक्टोबरातला होता आणि मला कोणीच सांगितलं नव्हतं की वर्षातले चार महिने तो नसतो. आणि त्यांनी तरी सोलापूरचा मे कुठे बघितला होता, ४४ डिग्रीत आमच्याकडे पहिल्यांदा राहिले तेव्हा तिसऱ्या दिवशी न बोलता परतीचं तिकीट काढून आले. तेव्हा भांडलो आम्ही, खूप भांडलो. लग्नाआधी एकदा तरी एकमेकांचा वाईट महिना बघायला हवा होता असं मला आजही वाटतं, आम्ही निभावलं म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही.

तर जुलैत तिला बोलव. तुझ्या खोल्या रिकाम्या असतील, समुद्रावर लाल बावटा असेल, यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, म्हणजे ताजा मासाही फारसा नाही. घरात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, खारं आणि सुकं मासे बाहेर निघालेले असतील आणि ती शाकाहारी आहे असं तू पत्रात खाली ताजा कलम करून लिहिलंयस, तर त्या वासात ती दहा दिवस कशी राहते ते बघ, आणि आई तिच्यासाठी वेगळं रांधताना पाचव्या दिवशी कशी बोलते तेही बघ. तिला लॅपटॉप घेऊन काम करू दे, नेट गेलं की काय होतं ते दोघांनाही कळू दे. फिरवायला नेऊ नकोस. बाजारात ने, पंचायतीत तुझं काही काम असेल तर सोबत ने, कंटाळा येऊ दे. दोन माणसांना एकमेकांसोबत कंटाळा करता येतो का हे मला फार महत्त्वाचं वाटतं, प्रेमात पडलेल्या पोरांना हे सांगितलं की पटत नाही पण तरी सांगते.

पण त्याआधी तू पुण्याला जा. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतेय कारण आपल्याकडे सगळे बाहेरून आलेल्या मुलीची परीक्षा घ्यायला तयार असतात आणि घरच्या मुलाला कोणी काही विचारत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात होमस्टे बंद कर, रात्रीची बस पकड, आठ दिवस राहा. ती सकाळी ऑफिसला जाईल आणि तू तिच्या फ्लॅटमधे एकटा बसशील, वॉचमन विचारेल कोणाकडे आलात. तिच्या मित्रमंडळींत जेवायला जाशील, ते भराभर इंग्रजी मिसळून बोलतील, कोणीतरी सहज विचारेल सो तू काय करतोस. तिथे तुझ्याकडे समुद्र नसेल, स्कूटर नसेल, सगळ्या वाटा माहीत असलेला माणूस तिथे ती असेल. तेव्हा ती तुझ्याशी कशी वागते बघ. तुला सगळ्यांसमोर कोण म्हणून ओळख करून देते हे ऐक. आणि तू स्वतः कसा वागतोस तेही, म्हणजे लाजून गप्प बसतोस का उगाच तिरसट होतोस. तुझी मराठी पेडण्याची आहे, बोलताना मधेच कोंकणी येते, येऊ दे, ती पुसायला जाऊ नकोस. तुला वाटतं तिचं जग मोठं आणि तुझं लहान. मला नाही वाटत तसं, पण हे माझ्या सांगण्याने तुला पटणार नाही, तिथे जाऊनच कळेल.

आणि समज तिला इथे यायचंच असेल, जुलै बघूनही यायचं असेल, तर पहिलं वर्ष तुझ्या घरात नको. तिने गावात किंवा म्हापशाला स्वतःची खोली भाड्याने घ्यावी, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशाने. यात लोकांच्या तोंडाचा प्रश्न आहेच, तुझ्या आईला गावात राहायचंय, पण माझं कारण दुसरं आहे. सहा वर्षांचं नातं तोडून आलेली मुलगी थेट दुसऱ्याच्या घरात शिरली तर भांडण झाल्यावर जायला तिला जागा राहत नाही. ज्या घरातून निघता येतं त्याच घरात माणूस मनापासून राहतो. तुलाही मागच्या जखमेमुळे वाटतं की ती आत्ताच आली पाहिजे, उशीर झाला तर हीही जाईल. ही भीती मला कळते बाबू. पण ती मागच्या मुलीची भीती आहे, हिच्या गळ्यात घालू नकोस.

पैशांचं भांडण. ते पैसे तू परत पाठवायला नको होते. तुला वाटलं घेतले तर ती गेस्ट ठरेल. तिला काय वाटलं असेल याचा विचार केलास? सहा वर्षं एका माणसासोबत काढून बाहेर पडलेल्या बाईला कोणाचं देणं डोक्यावर नको असू शकतं. किंवा तिला दिसलं असेल की सीझनमधे पाच दिवस खोली अडकली म्हणजे तुझं नुकसान झालं, ती तुझ्या धंद्याची किंमत करत असेल. मला माहीत नाही कुठलं खरं, आणि तुलाही नाही, कारण तू विचारलंच नाहीस, सरळ परत पाठवलेस. तिचा पगार तिप्पट आहे हे काही उद्या बदलणार नाही. तिने दिलेलं घेता येणं तुला शिकावं लागेल, नाहीतर फ्रिज घेण्यापासून प्रत्येक वेळी हेच होईल.

आता काकांचं, कारण त्यांचं बोलणं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यात घोळ आहे. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड १९६१ नंतरही चालू राहिला, आणि त्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, दोघांचं अर्धं अर्धं. विकायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतात. पण अर्धं म्हणजे तुझ्या हिश्शाचं अर्धं, अख्ख्या घराचं नाही, त्यात आई आहे, भाऊ आहे. वेगळं ठेवायचं असेल तर लग्नाआधीच तसा करार रजिस्टर करावा लागतो, लग्न झाल्यावर बदलता येत नाही, म्हणून सही करायच्या आधी गोव्यातल्या वकिलाकडे दोघांनी मिळून जायचं, ती मूळची गोव्याची नाही म्हणजे तिच्या बाबतीत काय लागू होतं ते नीट समजून घ्यायचं. आणि काकांना एक विचार, वडील गेल्यावर तुझ्या आईला त्या घरातून कोणी हलवू शकलं नाही ते कशामुळे? आईवडिलांनी वेगळा करार केला नसेल तर याच कायद्याने तिचं अर्धं होतं म्हणून. ज्या कायद्याने आई सुरक्षित राहिली तोच सुनेच्या वेळी संकट कसा होतो. आणि हे सगळं आत्ता बोलायची वेळच नाहीये, नऊ दिवसांची ओळख आहे, लग्नाचं नाव अजून तिने काढलेलं नाही आणि तूही नाही, काकांनी काढलंय.

एक गोष्ट मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त आवडली ती म्हणजे धालो. पौषातल्या रात्री, शेणाने सारवलेला मांड, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एक रांग गाते आणि दुसरी उत्तर देते. तिथे बाप्यांना खेळायला जागा नाही. म्हणजे त्या नऊ दिवसांतला तो एक प्रसंग तू बघितलेलाच नाहीस, तिथे ती तुझ्यासोबत नव्हती, तुझ्या आईसोबत होती, गावच्या बायकांच्या हातात हात घालून. आईला विचार ती तिथे कशी होती. फोटो काढत होती का रांगेत शिरली, गाणं येत नसताना काय केलं, कोणी हसल्यावर काय केलं, म्हाताऱ्या बायकांजवळ बसली का. आई खूश आहे ती उगाच नसेल, तिने काहीतरी बघितलंय. बायका मांडावर बरंच काही बघून घेतात.

जुलै नीट गेला तर मग चवथीला, गणपतीत बोलव. त्याआधी नको, चवथीला घरी आणलं म्हणजे अख्ख्या वाड्यासाठी ते ठरल्यासारखंच असतं आणि मग मागे फिरणं तिलाही जड आणि आईलाही. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला हात लागतातच, तेव्हा कळेल सगळ्यांना.

आणि समज ती जुलैत आलीच नाही. मेमधे फोन दोन तासांचा वीस मिनिटांवर आला, मग एक दिवस आड, मग नुसते स्टेटस बघणं. असंही होऊ शकतं, मी खोटी आशा देणार नाही. तेव्हा भाऊ म्हणेल मी सांगितलं होतं. तुला दुखेल, मागच्याइतकंच कदाचित. पण मागच्या वेळी तू दोन वर्षं तोंड मिटून बसलास आणि या वेळी तू एका अनोळखी बाईला पत्र लिहिलंस, ते त्या नऊ दिवसांमुळेच लिहिता आलं. तसं झालं तर मला परत लिही, आपण बोलू.

आज रात्री फोन येईल तेव्हा आधी पैशांचं बोल, मी विचारायला हवं होतं, चुकलो म्हण, आणि ऐकून घे. मग जुलैचं सांग. ती म्हणेल पावसात काय आहे तिथे, तर खरं ते सांग, काही नाही, मी आहे आणि आई आहे. तिसऱ्या नंबरच्या खोलीत कौलातून गळतं असं लिहिलंयस, तर तीच खोली दे. आणि खाऱ्याचा डबा दर वर्षी जिथे असतो तिथेच राहू दे, तिच्यासाठी आधीच उचलून लपवून ठेवू नकोस.

तुझी,
ताई